शिंप्याच्या घरामागची दगडी गादी

जाळीच्या पेट्यांत दगड भरून नदीचे काठ राखणाऱ्या टोळीच्या मुकादमबाईंना सगळे पक्कडताई म्हणतात. कमरेला पक्कड खोचलेली नसेल, तर बाई आजारी आहेत असं समजायचं. सव्वीस वर्षांत त्यांनी परक्यांचे बरेच काठ राखले. यंदा सख्ख्या धाकट्या भावाची पाळी आली.

भाऊ शिंपी. घर नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. डोंगरातून येणारा गाळ समोरच्या काठाला साचत गेला, तिथे वाळूचा पट्टा वाढला आणि पाणी इकडचा काठ कापू लागलं. परसाचं कुंपण गेलं, मागोमाग न्हाणीघर गेलं. मागच्या दारापासून नदी आता अकरा पावलांवर होती, आणि चार दिवसांनी धरणाचं पाणी सुटणार होतं.

शिंप्याला हवी होती उंच, उभी भिंत. ताईंनी काठाच्या उतारावर पेट्या रचल्या आणि पायथ्याशी, उघड्या पडलेल्या तळावर, चपट्या पेट्यांची सहा हात रुंद गादी पसरली.

“ताई, मी भिंत मागितली. तू बिछाना घातलास.”

“भिंतीच्या पायाखालची माती पाणी काढून नेतं, मग भिंत तोंडावर पडते. ही आधीच आडवी आहे.”

“सगळ्या जगाला भिंती, आणि भावाला गादी!”

“लहानपणीही तुला गादीच लागायची.”

बाईंचा नियम साधा. जाळीच्या भोकातून निसटेल तो दगड परत पाठवायचा. दगड हाताने रचायचे, ओतायचे नाहीत. मदतीच्या भरात भावाने एका पेटीत विटांचे तुकडे कोंबले. ती पेटी त्यालाच रिकामी करावी लागली. शेजारी बघत होते, त्यामुळे ताईंनी त्याला घाई केली नाही.

पाणी सुटायच्या दिवशी दुपारी त्या शेवटची नजर टाकायला आल्या, तर गादीची नदीकडची कड लोखंडी खुंट्यांना तारेने घट्ट बांधलेली. टाके एकसारखे, चार-चार बोटांवर.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं. तसे टाके घालणारा आसपास एकच माणूस होता.

“कड सैल होती. मला सैल कड बघवत नाही. वाहून गेली असती.”

“सैलच ठेवायची असते, शहाण्या! पाणी पुढची वाळू उकरणार. तशी गादी वाकून त्या खड्ड्यात उतरणार आणि काठाचा पाय झाकणार. तू ती टांगून ठेवलीस. खालून पोखरलं की गादी वर आणि घर खाली. शिवणात जादा कापडाची माया सोडतोस ना? कशासाठी?”

“गिऱ्हाईक अंगाने सुटतं म्हणून.”

“नदी आज संध्याकाळी सुटणार आहे. बाजूला हो.”

त्यांनी एकेक टाका तोडला. प्रत्येक टाक्याला भाऊ हळहळला. शेवटच्या खुंटीपाशी पोचेपर्यंत पाणी घोट्याला लागलं होतं. तोवर भावजयीने दोन्ही शिलाई मशिनं रस्त्यापलीकडे हलवली होती.

“वन्सं, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे,” ती म्हणाली, आणि कपाट रिकामं करायला आत गेली.

दोन दिवस नदी भरून वाहिली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा शिंपी काठावरून ओरडत आला.

“गेली! ताई, तुझी गादी वाहून गेली!”

ताईंनी बांबू घेतला आणि काठालगत पाण्यात खुपसला. ठक्. एक हात पुढे, जरा खोल, पुन्हा ठक्. पुरुषभर खोलीपर्यंत दगड लागत गेला. मग त्यांनी बांबू भावाच्या हातात दिला. त्याने वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे टोचून पाहिलं.

दारापासून काठापर्यंत पावलं भरली अकरा. भावाने खात्रीसाठी पुन्हा मोजली. या खेपेला त्याने पावलं लहान टाकली, तेव्हा तेरा भरली.

“म्हणजे आता मागे एक खोली काढायला हरकत नाही,” तो म्हणाला.

“डोंगर उघडे आहेत तोवर गाळ येणार, पाणी इकडे रेटणार. खोली पुढच्या बाजूला काढ.”

“पुढे तर रस्ता आहे.”

“मग राहू दे,” ताई म्हणाल्या, आणि मशीन उचलायला भावजयीला हात दिला.