पत्राच्या कोपऱ्यातला पिवळा डाग

ती केस आठवली की माणसांच्या आधी मला एक पिवळा डाग आठवतो. वाटाण्याएवढा, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. नोकरीत मी रक्ताचे डाग पुष्कळ पाहिले, त्यातले बहुतेक विसरलोही. हा मात्र विसरलो नाही.

मी मूळचा सांगलीचा. बारावी झाल्यावर आईवडिलांबरोबर न्यू जर्सीत आलो आणि पुढे एडिसनच्या शेजारच्या एका टाउनशिपमध्ये पोलीस झालो. आमच्या मराठी मंडळात दर दुसरा माणूस आयटीतला. मी पोलीस आहे म्हटलं की समोरच्याचा चहाचा कप ओठांपाशी थांबायचा. आई तर शेवटपर्यंत लोकांना 'तो गव्हर्नमेंटमध्ये आहे' एवढंच सांगायची. निवृत्त झालो तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. या हकिगतीत मी कुणाचंच नाव देणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही गप्प बसावं, ही विनंती.

सोमवारची सकाळ होती. सोमवारी ठाण्यात शनिवार-रविवारचा गाळ साचलेला असतो. ओक ट्री रोडवर पार्किंगवरून झालेली हमरीतुमरी, कुणाच्या तरी गॅरेजमधून गेलेली सायकल, शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार. हे सगळं उपसत असताना कॅनडातून आलेला एक ई-मेल लेफ्टनंटनी माझ्याकडे पाठवला. मॅनिटोबा प्रांताच्या इमिग्रेशन कार्यालयातल्या एका तपासणी अधिकारी बाईंनी तो लिहिला होता.

कॅनडातले प्रांत आपल्याला लागतील तशी कुशल माणसं स्वतः निवडतात. अर्जदाराने आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र जोडायचं असतं. कोणतं काम केलं, किती वर्षं केलं, वरिष्ठांची सही आणि फोन नंबर. बाईंनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पत्रांवरचे नंबर फिरवले, तर दोन्हीकडे एकच आवाज बोलला. शिवाय, त्यांनी जरा संकोचून लिहिलं होतं, दोन्ही वेळा मागे वाफ सुटल्यासारखी शिट्टी ऐकू आली. मला हसू आलं. एचआर खात्यात कुकर लावणारी कंपनी मी प्रथमच ऐकत होतो.

शोध घेतल्यावर ते नंबर इंटरनेटवरचे आणि आमच्या टाउनशिपमधून चालणारे निघाले, म्हणून त्यांनी आम्हाला लिहिलं होतं. सोबत तीन अर्जदारांच्या तीन पत्रांचे स्कॅन होते. कंपन्या तीन, गावं तीन, सह्या तीन. आणि तिन्ही पत्रांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तोच फिकट पिवळा डाग.

"स्कॅनरची काच घाण असेल," माझा जोडीदार म्हणाला. तोही डिटेक्टिव्ह, आयरिश वंशाचा, सहा फूट उंच आणि मनाचा सरळ.

एकाच्या स्कॅनरची काच घाण असू शकते. तीन राज्यांतल्या तीन माणसांच्या काचा नेमक्या एकाच जागी कशा घाण होतील? फोन कंपनीकडून माहिती मिळवायला कोर्टाचा कागद लागतो आणि त्याला वेळ जातो. तिघांपैकी एक अर्जदार आमच्याच हद्दीत राहत होता. त्याला बोलावलं.

हा नागपूरचा इंजिनीअर, वय पस्तिशीच्या आतलं. इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाईल धरून आला. बायको बाहेरच्या बाकावर बसून राहिली. रेकॉर्डिंग सुरू केलं, त्याचे हक्क वाचून दाखवले, वकील हवा का विचारलं. तो नको म्हणाला. त्याची नोकरी गेली होती आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे देश सोडायला साठ दिवसांची मुदत होती. त्यातले चाळीस दिवस संपले होते.

"पत्र पुण्याहून मॅनेजर सरांनी कुरियरने पाठवलं," तो म्हणाला. तारीख त्याने चटकन सांगितली. कुरियर कोणतं, आणणारा माणूस कसा होता, म्हटल्यावर अडखळला. खोटं बोलणाऱ्याला तारीख पाठ करता येते, माणूस पाठ करता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग मी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारलं आणि गडी बदलला. माझ्याच पॅडवर चौकोन काढून बँकेची सिस्टीम समजावू लागला. "सर, रात्रीच्या बॅचला आठ तास लागून राहिले होते, मी ते दीड तासावर आणलं ना! लोक म्हणायचे इम्पॉसिबल आहे यार... सॉरी, सर." त्यातलं मला निम्मंच कळलं, पण एवढं कळलं की हे काम यानेच केलेलं आहे. अनुभव सोळा आणे खरा होता. मग पत्र खोटं कशाला? त्या दिवशी त्याला घरी जाऊ दिलं, पण उत्तर काही सुचेना.

शनिवारी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर आमच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका पसरलेल्या. बायको एका हाताने पाकिटं पुढे ओढत होती आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्याला बोट लावत होती. आधी हळद, तिच्यावर कुंकू. एका पत्रिकेवर कुंकू जास्त पडलं म्हणून तिने ते पदराने पुसलं. कुंकू गेलं. हळद राहिली.

मी तसाच बूट घालून उभा होतो. ती म्हणाली, "अहो, असे काय बघताय? चार पाकिटं चिकटवा की!" मी पाकिटं चिकटवली, पण डोकं पार मॅनिटोबाला पोहोचलं होतं.

सोमवारी इंजिनीअरला पुन्हा बोलावलं. पुन्हा हक्क वाचले. तीन पत्रं त्याच्यासमोर मांडली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तीन कंपन्यांची पत्रं आहेत, पण निघाली एकाच देवघरातून. ते देवघर कुणाचं आहे?"

त्याने त्या डागावर अंगठा घासला. मग म्हणाला, "मी पुसलं होतं, सर. टिश्यूने पुसलं." आणि रडू लागला. इतका मोठा माणूस रडतो तेव्हा पोलिसाने पाण्याचा ग्लास पुढे करावा आणि भिंतीकडे बघावं. मी तेच केलं.

देवघर कुणाचं ते त्याने सांगितलं आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. आमच्या भागात सगळे त्यांना काका म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त इंजिनीअर. दर शनिवारी सकाळी गावच्या लायब्ररीत बसून नोकरी गेलेल्या मुलांना अर्ज कसा भरायचा ते सांगायचे, आणि त्याचा एक पैसा घ्यायचे नाहीत. मी लेफ्टनंटना सरळ सांगितलं, या माणसाकडे मी जेवलोय, केस दुसऱ्याकडे द्या. ते म्हणाले, "या गावात अर्ध्या घरी तू जेवला आहेस. अटक तुझा जोडीदार करील, तू सोबत जा."

वॉरंट घेऊन गेलो. दारात मी सवयीने बूट काढले. माझ्याकडे बघून जोडीदारानेही काढले. सहा फुटांचा डिटेक्टिव्ह मोज्यांवर झडती घेतोय, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. संगणकात कंपन्यांची लेटरहेडं होती, कपाटात फोन होते, प्रत्येकावर कंपनीच्या नावाची चिठ्ठी. काका शांतपणे खुर्चीत बसले होते.

"मी कुणाला फसवलं, सांग ना!" ते मला म्हणाले. "एकाचाही एक्स्पिरिअन्स खोटा नाही. मी तासतास इंटरव्ह्यू घेतलाय प्रत्येकाचा. ज्याला काम येत नव्हतं त्याला हाकलून दिलंय. कंपनी बंद पडली, मॅनेजर फोन उचलत नाही, तर पोरांनी काय करायचं? मी फक्त सही केली."

"दुसऱ्याची सही केलीत, काका."

माणूस पैशाच्या लोभाने गुन्हा करतो असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात कितीतरी जणांनी तो आणखी एका लोभापायी केला: आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, या गोडीपायी. निवृत्तीनंतर ती गोडी फार वाढते, हे आता मला स्वतःवरून कळतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना ही पत्रं खोटी आहेत हे ठाऊक नव्हतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. नवरा लोकांना शिफारसपत्रं देतो, एवढंच त्यांना माहीत. तयार झालेला प्रत्येक कागद त्या देवापुढे ठेवायच्या, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायच्या आणि मगच मुलांच्या हातात द्यायच्या. पोराच्या हाताला यश यावं म्हणून. मुलं त्यांच्यादेखत नमस्कार करायची आणि घरी जाऊन पुसायची.

काकांना गाडीत बसवून मी जप्तीचे कागद द्यायला आत आलो, तेव्हा काकूंनी मला थांबवलं. "तुम्हाला कळलं कशावरून हो?"

समोर देवघर होतं. निरांजनाशेजारी हळदीकुंकवाचा पितळी करंडा होता. मी म्हणालो, "चौकशीत कळतं, काकू."

यात खोटं काही नव्हतं. खरंही नव्हतं. अहवालात मात्र मी डागाचा परिच्छेद जसाच्या तसा लिहिला, कारण तो लिहावाच लागतो.

आता त्या इंजिनीअरचं. मी त्याला विचारलं होतं, "कंपनी बंद झाली, पण मॅनेजर तर जिवंत आहे. त्याला का नाही मागितलंस?"

"नोटीस न देता भांडून सोडलं होतं सर मी. नको ते बोललो होतो त्यांना, सगळ्यांसमोर. आता कुठल्या तोंडाने मागू?"

तपासाचा भाग म्हणून मलाच त्या मॅनेजरचा शोध घ्यायचा होता. पुण्यात तीन फोन केले. दुसऱ्या दिवशी गृहस्थ सापडले, स्वतःचं छोटं ऑफिस काढून बसले होते. मी या पत्राखालची सही तुमची आहे का विचारलं. नाही म्हणाले. मग मुलाचं नाव ऐकून हसले.

"तो होय? तिरसट कार्टं! पण असा हुशार पोरगा पुन्हा मिळाला नाही हो. पत्र हवं होतं तर मागायचं की. त्याच दिवशी दिलं असतं."

मी फोन ठेवला. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. साठ दिवसांची टांगती तलवार, बायको, घर, सगळं डावावर लावून या मुलाने खोटं पत्र मिळवलं होतं आणि खरं पत्र तीन फोनांवर होतं.

मॅनेजरसाहेबांनी खरं पत्र खरोखरच पाठवलं. इंजिनीअरने स्वतःहून मॅनिटोबाच्या कार्यालयाला सगळं लिहून कळवलं आणि खरं पत्रही जोडलं. पण खोटा कागद एकदा दाखल झाला होता. अर्ज फेटाळला गेला आणि त्याला पाच वर्षं कॅनडाचं दार बंद झालं. साठावा दिवस यायच्या आत नवरा-बायको नागपूरला परतले. मी सरकारी वकिलांकडे शब्द टाकल्यामुळे इथे त्याच्यावर खटला झाला नाही, यापलीकडे मला काही करता आलं नाही. काकांनी गुन्हा कबूल केला. वय आणि पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंग टळला, समाजसेवेची शिक्षा झाली. ज्या लायब्ररीत ते मार्गदर्शन करायचे, तिथेच वर्षभर पुस्तकं लावत होते.

त्या केसने मला काय शिकवलं? पूर्वी मला वाटायचं, माणसाजवळ खरं नसतं म्हणून तो खोट्याकडे जातो. तसं नसतं. बऱ्याचदा खरं हाताच्या अंतरावर असतं, पण ते घ्यायला मान खाली घालावी लागते आणि तेवढं होत नाही. हे मी त्या मुलाबद्दल म्हणतोय असं वाटेल. मी स्वतःबद्दलही म्हणतोय. काकूंनी मला सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर त्यांना वकिलाकडे आलेल्या माझ्या अहवालातून कळलं, त्यांच्या मुलीने तो वाचून दाखवला तेव्हा. ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. जायचं म्हणून दोनदा गाडी काढली आणि दोन्ही वेळा त्यांच्या गल्लीवरून सरळ पुढे गेलो.

गेल्या वर्षी काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका आली. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. चारही कोपरे पांढरे होते. बायको म्हणाली, "विसरल्या असतील." काकू असलं काही विसरणाऱ्या नव्हेत.

आम्ही गेलो. दारात काकूच उभ्या होत्या, हातात तोच पितळी करंडा. त्यांनी बायकोला हळदीकुंकू लावलं. मला 'या' म्हणाल्या. मग माझ्याने राहवलं नाही.

"काकू, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, कशावरून कळलं म्हणून. मी सांगायला हवं होतं. माफ करा."

त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. "हो, हवं होतं," त्या म्हणाल्या. करंडा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "कागदाला लावायचं मी सोडलं बघा. आता फक्त माणसांना लावते."

झाकण पुन्हा उघडून त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि आत चला म्हणाल्या, पानं वाढली होती.