अल्विनने मागितला नाही तो ॲम्प्लिफायर

आमच्या नॉर्थ डकोटात कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणून दोन कप रिचवायचे. माझा मेहुणा एकदा दोनदा नको म्हणून बसला आणि तेवढ्यात यजमानाची गाय व्यायला आली. कोरडाच घरी परतला बिचारा! असो. सांगायचं आहे ते शेजारच्या अल्विन टॉर्सगार्डचं.

त्याची बायको अर्डिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिचे कान जात चालले तसा तिने आपणहून तो सोडला. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही लवकरच जाईल. तिच्या शेवटच्या रविवारची टेप घरी होती, पण घरातल्या जुन्या यंत्रावर ती तिला ऐकूच येईना. कान पुरते मिटायच्या आत अर्डिसला तिचा ऑर्गन चर्चमध्ये घुमायचा तसा एकदा ऐकवायचा, असं अल्विनच्या मनाने घेतलं.

लिलावात त्याने छातीएवढे उंच स्पीकर घेतले. आम्ही दोघांनी ते धापा टाकत बैठकीत आणले. अर्डिस म्हणाली, "या शवपेट्या कुणासाठी रे? आधी तू की मी?"

मग ॲम्प्लिफायर घ्यायला गेलो. पेट्रोने आडनावाचा दुकानदार सॅल शिकागोहून नुकताच आलेला. म्हणाला, "हे स्पीकर खादाड आहेत, आणि तुमची बैठकही मोठी. दीडशे वॅटचा न्या."

अल्विनचा जीव त्या दीडशेवाल्यावरच जडला होता. पण रीत म्हणून म्हणाला, "छे छे, एवढा मोठा आम्हाला कशाला? तो वीस वॅटचा चालेल की." आणि थांबला. मीही थांबलो.

"तुमची मर्जी," म्हणत सॅलने वीसचा बांधून दिला.

गाडीत अल्विन हळूच म्हणाला, "त्याने पुन्हा विचारलंच नाही रे."

"मग फिरू या मागे."

"आता? हावरट म्हणेल तो! राहू दे. छोटा आहे, निदान स्पीकर तरी शाबूत राहतील."

त्या दुपारी टेप लावली. अर्डिस म्हणत होती, "अजून वाढव, अजून." अल्विनने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. ऑर्गन घोगरा झाला, मग किंचाळला, मग जळका वास आला. वरचे बारीक सूर गेले ते गेलेच.

"हा माझा ऑर्गन नव्हे," अर्डिस म्हणाली. "कुणीतरी पत्रा फाडतंय."

सॅलने स्पीकर उघडून पाहिला. "छोट्यानेच जाळला. दम संपला की तो आवाजाचे शेंडे छाटतो, आणि त्या छाटलेल्या आवाजाने बारीक सुरांचा भाग जळतो. मोठ्याला एवढं रेटावंच लागलं नसतं."

मोठ्या नांगराला छोटा ट्रॅक्टर जुंपणाऱ्यांना अल्विन जन्मभर हसला होता. त्याचा चेहरा पडला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! तुम्ही नको म्हणालात."

"एकदाच तर म्हणालो!"

शिकागोहून आलेला माणूस तो. त्याला काय समजावणार?

मोठा ॲम्प्लिफायर लगेच मिळाला, पण जळलेला भाग मिळेना. ते स्पीकर बनवणारा कारखानाच बंद पडलेला. सॅलने कुठून कुठून शोधून तो आणला, तोवर सगळा हिवाळा सरला होता.

अल्विनने मला बोलावलं. अर्डिस खिडकीशी लोकर विणत बसली होती. टेप सुरू झाली आणि काय सांगू, बैठकीचं चर्च झालं! जाड सूर जमिनीतून चढले, बारीक सूर छताला लागले, कुठे खरखर नाही की ओढाताण नाही. अर्धं बटणसुद्धा फिरवावं लागलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

अर्डिसने एक ओळ विणून संपवली, सुई बदलली आणि वर बघितलं.

"अल्विन, पाहुणा केव्हाचा ताटकळलाय," ती म्हणाली. "सुरू कर की आता."

अल्विन बटणापाशी गेला. थोडं वाढवलं, तिच्याकडे बघितलं. आणखी वाढवलं. खिडकीची काच थरथरायला लागली. अर्डिस त्याच्याकडे वाट बघत, हसत बसली होती. तेव्हा त्याने टेप बंद केली, आणि तिला दिसेल असे ओठ हलवत म्हणाला, "आज बिघडलाय गं."