घर पुसत नाही तो

बदली झालेल्या फौजी कुटुंबांचं सामान घेऊन पुन्हा विकणारा एक दुकानदार लखनऊच्या छावणीजवळ आहे. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन मी त्याच्याकडूनच आणले, पण तो कधी तोंडाकडे बघून बोलला नाही. हातातल्या वस्तूकडे बघत म्हणायचा, "अच्छा, आप।"

गाडीने साताऱ्याला जायचं ठरलं. वाटेत मोबाइलची रेंज जाते, म्हणून हातात धरायचं जीपीएस बघायला गेले. त्याने पाच यंत्रं दारातल्या उन्हात मांडली. मी बॅटरी, पडदा, वजन विचारत होते. त्याने चार बाजूला सारली.

"यही आपका है।"

त्यात जुन्या मालकाने 'घर' अशी खूण ठेवली होती. दाबली, तर नकाशावर आमचंच क्वार्टर आलं. आमच्याआधी तिथे राहणाऱ्यांचं यंत्र असणार, हे कळलं. पण मी तिथे राहते हे याला कुणी सांगितलं?

"भैया, ये मिटा दीजिए।"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "घर हम नहीं मिटाते, बहनजी।"

तरी मी ते घेतलं. साताऱ्यात सासरच्या दारात उभी राहिले, तेव्हाही यंत्रातला 'घर'चा बाण लखनऊकडेच होता.

यंदा आमची बदली झाली. यंत्र त्यालाच परत दिलं. 'घर' पुसायला माझंही बोट धजलं नव्हतं. आमचं क्वार्टर अजून पुढच्या कुणाच्या नावावर झालेलं नाही. तरी त्याने यंत्रावरची धूळ झटकून ते वेगळ्या खणात ठेवलं आणि खणाकडे बघत म्हणाला, "वो सर्दियों में आएँगी।"