हळदीकुंकवात सांगितलेली गोष्ट

त्या केंद्रात आम्ही पाहणीला गेलो की प्रश्न एकच असायचा. समितीचे वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकून विचारायचे, "कोई तकलीफ?" भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेल्या बायका एका सुरात म्हणायच्या, "नहीं जी." केंद्र चालवणारे गृहस्थ शेजारच्या खुर्चीत बसलेले असायचे. सगळ्या त्यांना भाईसाहब म्हणायच्या. ते हसून आमच्याकडे बघायचे, म्हणजे बघा, मी सांगत नव्हतो?

आमचं गाव हिंदी मुलखातलं; तिथल्या नगरा नावाच्या वस्तीत एका दुमजली घरात हे केंद्र होतं. मनाच्या आजारातून उठलेल्या, पण अजून घरी न परतलेल्या बायका तिथे राहत. त्यांना घरच्यांशी फोनवर बोलू देतात का, औषध कशासाठी आहे ते सांगतात का, कुणाला मनाविरुद्ध अडवून तर ठेवलेलं नाही ना, हे पाहायला गावातल्याच लोकांची एक लहान समिती होती. वकीलसाहेब तिचे प्रमुख. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. मी त्यांना काकू म्हणायची. आणि मी समाजकार्याची विद्यार्थिनी, कॉलेजने शिकायला म्हणून त्यांच्याबरोबर पाठवलेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा रेल्वेत ट्रॅकवर आहेत. भुसावळकडून भरती होऊन आले आणि इथलेच झाले. मोठ्या माणसांसमोर खुर्चीत बसायचीच मला सवय नव्हती, मग प्रश्न विचारणं लांबच राहिलं.

त्या दिवशी पाहणी संपली. मी पाणी प्यायला फिल्टरपाशी गेले. काकूंनी मागून विचारलं, "अगं, आलीस का?" मी म्हटलं, "आले, आले." आमचं मराठी ऐकून सतरंजीवरची एक बाई उठून माझ्याजवळ आली. चाळिशीच्या आसपासची, केस घट्ट बांधलेले. आधी तिने हिंदीतच "नहीं जी" म्हटलं होतं. आता ती हळू आवाजात, घाईघाईने मराठीत बोलली, "मला सोमवारी दुसरीकडे हलवणार आहेत. भाऊ गाडी घेऊन येणार आहे. मला जायचं नाही. कुणाला सांगायचं असतं हे?"

"क्या कह रही हैं?" भाईसाहबांनी खुर्चीतूनच विचारलं. आवाजात राग नव्हता. साधी चौकशी होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही.

"पूछ रही हैं," मी म्हटलं, "कि मैं महाराष्ट्र में कहाँ की हूँ."

"अरे वाह," भाईसाहब म्हणाले. "अपना आदमी मिल गया इनको."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत जाऊन सतरंजीवर बसली.

बाहेर उन्हाच्या झळा लागत होत्या. रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या, "खोटं का बोललीस?"

"मग काय बोलायचं? खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिचं फोनवर बोलणंही बंद केलं असतं."

"'मी सांगणार नाही' म्हणायचं."

"तोंडावर? त्यांना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडून दिला. बहुधा त्यांनाही कळलं असावं की ते वाक्य माझ्या तोंडून निघणं कठीण आहे. आमच्या रेल्वे कॉलनीत वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायचं असेल तर आपण 'बघते' म्हणतो.

काकूंनी तिथूनच वकीलसाहेबांना फोन लावला. केंद्रातल्या प्रत्येकीला समितीशी एकटीने बोलायचा हक्क आहे, तसा नियमच आहे, तर आपण उद्याच जाऊ, असं त्या म्हणाल्या. वकीलसाहेब म्हणाले की अचानक गेलं तर भाईसाहबांना वाईट वाटेल, भला माणूस आहे, पुढच्या महिन्याच्या पाहणीत हा विषय घेऊ.

"पुढच्या महिन्यात ती इथे नसेलच," काकू फोन ठेवून म्हणाल्या.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. चैत्र चालू होता. काकूंकडे चैत्रगौर बसलेली होती आणि त्यांच्या ओळखीच्या घरांतून हळदीकुंकू चाललं होतं. मी म्हटलं, "काकू, आपण केंद्रात हळदीकुंकू करू या. भाईसाहब काय, कुठलाच पुरुष तिथे थांबणार नाही. आणि मराठीत बोललो तर बाकी कुणाला कळणार नाही."

काकूंना ते लगेच पटलं नाही. "सण असा वापरायचा असतो का गं?" त्या म्हणाल्या. पण सोमवार जवळ येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "बघू."

भाईसाहबांनी आनंदाने होकार दिला. शनिवारी दुपारी आम्ही आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे घेऊन गेलो, तर त्यांनी आधीच अंगण धुऊन ठेवलं होतं. "माताओं का काम है, हम लोग बाहर बैठेंगे," असं म्हणून ते चौकीदाराला आणि स्वयंपाक्यालाही बरोबर घेऊन गेले. आत फक्त बायका राहिल्या, आणि देखरेखीच्या एक दीदी.

काकूंनी एकेकीला कुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले. कुणी डाळ चाखून तोंड वाकडं केलं. "खट्टी है!" एकजण ओरडली आणि तिथल्या हवेत पहिल्यांदाच हसू पसरलं. ती मराठी बाई मात्र मागे सरकली. "मला नको. नवऱ्याने सोडलंय मला," ती काकूंना म्हणाली.

"कपाळ आहे ना जागेवर?" काकू म्हणाल्या आणि कुंकू लावलं.

मग ती बोलली. ती नुसतं पन्हं पिते आहे असं वाटावं, म्हणून पेला तोंडाजवळ धरूनच बोलत होती. वर्षभरापूर्वी तिची झोप उडाली होती, बोलणं तुटलं होतं, सतत कुणीतरी मागावर आहे असं वाटायचं. भावाला तीच म्हणाली की मला कुठेतरी ने. इथे स्वतः सही करून ती दाखल झाली. औषधाने आता बरं वाटतं. इथून जवळच, मऊरानीपूरला तिची मैत्रीण शिवणकाम करते, तिने ये म्हटलंय. पण भावाने परस्पर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आश्रमाशी बोलणं केलं होतं. "तो वाईट नाही. त्याला भीती वाटते, मी परत तशी होईन. पण मला विचारायचं तरी. मी काय कपाट आहे, या खोलीतून त्या खोलीत सरकवायला?"

"तू स्वतःच्या सहीने आलीस ना?" काकूंनी विचारलं. "मग स्वतः म्हणून जाऊही शकतेस. डॉक्टरांना तुला तपासावं लागेल, पण भावाला परस्पर हलवता येणार नाही. हे वकीलसाहेबांसमोर बोलशील?"

तिने पेला खाली ठेवला. "तुम्हीच सांगा ना. तुम्हाला सगळं कळलंय आता."

मला वाटलं, काम झालं. परत येताना मी इतकी खूश होते, की काकूंच्या रिकाम्या डब्यांची पिशवी मला जडही वाटली नाही.

रविवारी काकूंनी वकीलसाहेबांना इतकी गळ घातली, की संध्याकाळी ते केंद्रात यायला तयार झाले. आम्ही भाईसाहबांच्या खोलीत बसलो. काकूंनी सगळं सांगितलं. भाईसाहब ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ये सब कब कहा उन्होंने?"

"कल," काकू म्हणाल्या. "हल्दी-कुमकुम में."

"तो आप पूजा करने आई थीं या बयान लेने?" ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते मला जास्त लागलं. "मैंने तो आँगन धुलवाया था, बहनजी. घर की लड़कियाँ खुश होंगी, ये सोचकर."

मी खाली बघत होते. ती कल्पना माझी होती हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगून काही फरकही पडणार नव्हता.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मुश्किल है," ते काकूंना म्हणाले. "वो समिति की बैठक नहीं थी. आप मेहमान बनकर गई थीं. कल भाई कहेगा कि मेरी बहन को प्रसाद के बहाने सिखाया गया, तो मैं क्या जवाब दूँगा?"

"और आगे से," भाईसाहब म्हणाले, "बाहर का कोई कार्यक्रम नहीं होगा. माफ़ कीजिए."

म्हणजे मी दार उघडायला गेले आणि होतं तेही बंद करून बसले. त्या बायकांना वर्षातून एखादा असा दिवस मिळाला असता, तोही माझ्यामुळे गेला. आणि तिने जे सांगितलं होतं ते कुठेच धरलं जाणार नव्हतं. सकाळी गाडी येणार होती.

काकू उठल्या. "मग आत्ता विचारा. समिती बसलेलीच आहे. तिला बोलवा आणि एकटीला विचारा."

"अकेले में नहीं," भाईसाहब म्हणाले. "मेरी ज़िम्मेदारी है. इन्हें कुछ हो गया तो आप नहीं, मैं जवाब दूँगा. और ये घर है, यहाँ परदा किस बात का?"

"घर में भी दरवाज़े होते हैं, भाईसाहब," काकू म्हणाल्या.

वकीलसाहेबांकडे सगळे बघत होते. ते भिडस्त माणूस होते. या घरचा चहा त्यांनी कितीदा घेतला होता. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बुलाइए उनको. वो खुद बताएँ कि आप रहें या न रहें."

मला ओरडावंसं वाटलं. माणसाला बाहेर काढायचं की नाही हे त्याच माणसासमोर तिला विचारायचं? पण तोवर भाईसाहबांनी तिला बोलवायला दीदींना हाक मारली होती.

ती आली. दारात उभी राहिली. आधी तिने भाईसाहबांकडे पाहिलं, मग वकीलसाहेबांकडे. माझ्याकडे पाहिलंच नाही. वकीलसाहेबांनी विचारलं, "हमें आपसे कुछ पूछना है. भाईसाहब यहाँ बैठें, या आप अकेले बात करना चाहेंगी?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भाईसाहब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बोलो बेटा. डरना क्या?" त्यांनी मायेनेच म्हटलं असेल. पण तिची मान आणखी खाली गेली. मला वाटलं, आता 'नहीं जी' येणार. मी तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी टेबलाखाली माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

"भाईसाहब," ती म्हणाली आणि थांबली. "आप थोड़ी देर बाहर बैठिए."

भाईसाहबांना क्षणभर कळलंच नाही असं वाटलं. मग ते उठले, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि बाहेर गेले. वकीलसाहेबांनी स्वतः उठून दार लावलं.

ती हिंदीत सुरुवात करायची आणि मधेच मराठीत जायची. वकीलसाहेब मला म्हणाले, "जैसा बोलें, वैसा ही बताना. अपना कुछ मत मिलाना." मी सांगत गेले. सही तिची होती, आजार तिनेच ओळखला होता, मऊरानीपूर, मैत्रीण, आश्रम. मग ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "त्या दिवशी फिल्टरपाशी मी मदत मागितली, तर ही मुलगी खोटं बोलली. मला वाटलं हीसुद्धा त्यांचीच. दोन रात्री मी झोपले नाही. परत आजारी पडते की काय असं वाटलं."

मी थांबले.

"क्या कहा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी ते वाक्य शब्दाला शब्द हिंदीत सांगितलं, माझ्याबद्दलचं, खोटं बोलल्याचं, तिच्या दोन रात्रींचं. मी सांगून संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, एखादीने दुकानात आपल्यासमोर मापून घ्यावं तशी. मग पुढचं बोलू लागली.

सोमवारी सकाळी वकीलसाहेबांनी बोलावलेल्या, सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी केंद्रात येऊन तिला तपासलं. भावाची गाडी दारात उभी होती. भाऊ रात्रभर झोपला नसावा असा दिसत होता. "कुछ हो गया तो ज़िम्मेदारी कौन लेगा?" तो एकेकाला विचारत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या की तिला इथे किंवा दुसरीकडे ठेवून घ्यायचं काही कारण त्यांना दिसत नाही, औषध मात्र चालू ठेवावं आणि महिन्याने दाखवावं. वकीलसाहेबांनी भावाला सांगितलं की ती स्वतः आली होती, आता पुढचंही तीच ठरवेल.

भाऊ तिच्याकडे वळला. "तूच सांग मग आता."

मी मऊरानीपूरची बस कधी आहे ते फोनवर बघून ठेवलं होतं. वाटल्यास तिला सोडायला जायचं, असंही मनाशी ठरवलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "ताई, दुपारी बस आहे. मी येऊ बरोबर?"

"आज नको," ती म्हणाली. "मला विचार करायचाय. मैत्रिणीला फोन करते. या आठवड्यात इथेच राहीन म्हणते." भाईसाहबांकडे वळून तिने विचारलं, "रह सकती हूँ ना?"

भाईसाहब गडबडले. "हाँ हाँ. क्यों नहीं."

भावाला ती म्हणाली, "तू चहा घेऊन जा. एवढ्या उन्हाचा आलास." आणि स्वतःच चहा सांगायला आत गेली. आम्ही सगळे अंगणात तसेच उभे राहिलो. कुणी काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. भाऊ गाडीपाशी गेला, ड्रायव्हरशी काही बोलला, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.