निळ्या केसांची पोर आणि नरसिंहाचा मुखवटा

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली, आता सांगतो. जपानला जाऊन आलेला आणि तरीही जव्हार सोडून कुठेच न गेलेला असा एकच माणूस मी पाहिला, मी शिकवायचो त्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. दोन हजार सालाच्या आसपास वारली चित्रकारांच्या तुकडीबरोबर ते तिकडे गेले. बाकीचे देवळं बघत हिंडले, मास्तर मात्र कार्टूनच्या बाहुल्यांच्या गल्लीत हरवले. येताना कपडे तिकडेच वाटून बॅगभर बाहुल्या आणल्या, पण डबा एकही फोडला नाही. रंगाच्या ब्रशानं धूळ झाडायची आणि पारदर्शक झाकणातून तासन्‌तास बघायचं. "अहो, एक तरी उघडा," वहिनी म्हणायच्या. "देवाचा नैवेद्यसुद्धा आपण शेवटी खातोच ना?" मास्तर हळूच म्हणायचे, "झोपमोड कशाला करायची बिचारीची?" वर्गात खडू द्यायचा तोही तिकडच्या रीतीनं, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून. मग मुलंही वाकायची, वाऱ्यानं नागलीचं शेत झुकावं तसा सगळा वर्ग झुकायचा.

संध्याकाळी दरीच्या काठावर धुकं चढू लागलं की मास्तर जपानात जायचे. "गुरुजी, रविवारी तिथल्या बागेत मोठी माणसं कार्टूनमधल्या वीरांचे वेश करून येतात. कुणाला पंख, कुणाला तलवार. एरवी ऑफिसात खर्डेघाशी करणारी! आपला बोहाडाच की हो, फक्त संबळ तेवढा वाजत नव्हता."

आमच्याकडे बोहाड्यात देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर नाचतात. त्यातलं नरसिंहाचं सोंग मास्तरांच्या घराण्याचं. तो मुखवटा परक्यानं घालायचा नाही. प्रदर्शनात मांडायला म्हणून, कुणाला घालू देणार नाही असा गावाला शब्द देऊन मास्तरांनी तो जपानला नेला होता. त्या बागेत तो मास्तरांच्या हातात बघून निळ्या केसांच्या एका पोरीनं खुणेनं घालायला मागितला. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. ती वाकली आणि लांबूनच बघत राहिली.

एवढंच घडलं होतं. चहाच्या टपरीवर सांगताना मात्र, हशा पिकावा म्हणून, मी तो मुखवटा पोरीच्या डोक्यावर चढवला आणि तिला नाचवलंही.

गोष्ट पसरली. बोहाड्याआधी गाव बैठकीला बसलं. "शब्द मोडून परक्या पोरीला सोंग घालू दिलंस, आता तू कसा नाचवशील रं?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "तिनं हातसुद्धा लावला नाही." सगळे माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी सांगा. तुमी काय खोटं बोलनार?" मास्तरांनीही माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी चष्मा पुसत म्हणालो, "मी आपलं ऐकलं ते सांगितलं."

त्या वर्षी नरसिंह त्यांच्या चुलतभावानं नाचवला, पुढेही त्यानंच. मास्तर गर्दीत उभे राहायचे. पाय जागच्या जागी ठेका धरायचे. माझ्याशी मात्र त्यांनी कधी अबोला धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी वाक्य ठरवूनच भेटायला गेलो: मास्तर, ते मी पदरचं जोडलं होतं, मला माफ करा. त्यांनी डोळे उघडले. "या गुरुजी. ती पोर आता कुठं असेल हो?"

"असेल तिकडेच," मी म्हणालो. "तुम्ही पडा. उद्या येतो, निवांत बोलू."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर अंगणात माणसं जमली होती.