लीकेज कोणी शोधलं
परवा रहाटणीच्या गॅरेजात ब्रेक ऑइलचा उग्र वास आला आणि आमचं चऱ्होलीचं अंगण आठवलं. वडिलांची बंद पडलेली मोटार मी वर्षभर खपून उभी केली होती, ब्रेकचं सगळं सामान नवीन बसवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून नव्या नवरीला, आमच्या मुलीला, सासरी पोचवायला घाट उतरायचा होता. कुठे गळतंय का ते बघायला बायकोला ब्रेकचं पेडल दाबून धरायला गाडीत बसवलं आणि हातातली बॅटरी पेटवून मी गाडीखाली शिरलो. तापलेल्या फरशीने पाठ भाजत होती, पण प्रत्येक जोड कोरडा होता. वरून ती म्हणाली, "अवो, पायाला वल्लं लागतंय काय तरी." मी खालूनच म्हणालो, "घाम आसंल तुझा. दाबून धर नीट." "घामाला आसला वास येतो व्हय? या वर आन् हुंगा माझा पाय." चिडून वर आलो, तर पेडलच्या दांड्यावरून ऑइलची बारीक धार तिच्या पावलावर उतरली होती. पेडलमागच्या नव्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचं, रबर गाडीच्या आतल्या बाजूला गळत होतं. खालून ते मला कधीच दिसलं नसतं. रबर बदललं, घाट सुखरूप उतरलो. पुढे प्रत्येक लग्नकार्यात मी ही गोष्ट सांगत आलो, आणि त्यात लीकेज मीच शोधलेलं असायचं. गेल्या दिवाळीत जावई तीच गोष्ट मुलांना सांगत होता. नातीने विचारलं, "आजी, तेव्हा तू कुठे होतीस?" बायको म्हणाली, "आसंन सैपाकघरात." मी समोरच बसलो होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो, म्हणून हे लिहून ठेवतोय.