राख लावलेली भाजी

गोव्यातल्या सर्वणच्या गंगा गावसला शेती समजावून सांगायला दर रविवारी पर्वरीहून माणसं गाडी करून येत. बैल मेल्यावर गंगानं नांगर सोडला आणि वाफ्यांवर पालापाचोळा पसरला. याला ‘पुनरुज्जीवक शेती’ म्हणतात, हे तिला तेजस्विनीकडून कळलं. शेतातून थेट भाजी नेणाऱ्या मंडळाची ही तेजस्विनी प्रमुख. गंगानं मान डोलावली. शब्दाशी तिला कर्तव्य नव्हतं. गुडघे गेले होते, आणि गिऱ्हाईक बांधावर आलं की डोक्यावर पाटी घेऊन डिचोलीचा बाजार गाठावा लागत नसे.

त्या रविवारी सिद्धी नावाच्या बाईंनी तांबड्या भाजीची जुडी उचलली आणि नाक मुरडलं.

“ही पावडर कसली?”

“चुलीची राख गे बाय. दंव आसताना मारली म्हणजे किडो लागना.”

“एकही भोक नाही पानाला!” तेजस्विनी म्हणाली. “मावशी, नैसर्गिक भाजी किडे खातातच. आमच्याशी असं वागायचं?”

गंगानं चिमूटभर राख जिभेवर ठेवून दाखवली. बघायला कोणी थांबलंच नव्हतं. मंडळी गोठ्यापाशी पोचली होती. तिथे गायीसाठी टाकलेल्या पानांचा ढीग होता. पानांची चाळण झालेली, देठ जून, मध्ये अळ्या वळवळत होत्या.

“ही बघा, ही खरी!” सिद्धीबाईंनी अळीचा फोटो काढला. “केवढ्याला देणार?”

गंगा बघतच राहिली. जन्मभर तिनं एकेक पान उलटून पाहिल्याशिवाय जुडी बांधली नव्हती, आणि ही शिकलेली माणसं किड्यांचं उष्टं मागत होती. हो म्हटलं असतं तर रविवार टिकले असते, गुडघेही.

“गायीचा खाणा मी विकूचंय नाय,” ती म्हणाली. “फुकट न्हेवा. पण परत येव नकात.”

त्यांनी नेलं, लाज न वाटता. “किती साधी असतात ना ही माणसं!” गाडीत बसताना कोणीतरी म्हणालं. रिकाम्या गव्हाणीपाशी गाय हंबरत राहिली.

सोमवारी गंगानं गुडघ्याला फडका बांधला, पाटी डोक्यावर घेतली आणि डिचोली गाठली. कारखान्यात कामाला जाणारी कोल्हापूरची हौसा, तिचं जुनं गिऱ्हाईक, वाटेतच थांबली.

“मावशी, हुतीस कुठं इतकं दिस?”

“शिकत होतंय,” गंगा म्हणाली.

हौसानं जुडी घेतली, पानांवरची राख फुंकली आणि पिशवीत टाकली.